गोत्तिल्ल

निपाणीच्या बाहेर, हायवेला लागून आमचा लॉज.
पाटीवर तीन लिप्या, एकीवर डांबर.
कुठल्या, ते विचारू नका,
वर्षावर अवलंबून असतं.
ट्यूब फडफडते, आणि समोरची पंक्चरची टपरी
क्षणभर असते, क्षणभर नसते.
बावीस वर्षं मी इथं रात्रपाळीला.

एकनंतर कुणी येत नाही.
मग मोबाइल रजिस्टरला टेकवून
जुने काळेपांढरे विलायती पिक्चर बघतो.
टोप्या घातलेली माणसं, ओला रस्ता,
खरं बोलायला आलेली आणि न बोलता गेलेली बाई.
इंग्रजी पुरती कळत नाही. धूर कळतो.
आई वखारीत विड्या वळायची,
तिच्या पदराला, भाकरीला, माझ्या पाटीदप्तराला तोच वास.
पडद्यावर कुणी काडी ओढली
की मला ठसका लागतो, अजून.

दस्तगीरमामा टॉकीजला ऑपरेटर होता.
मला मशीनच्या खोलीत घ्यायचा, दार लावून.
कार्बनच्या दोन कांड्या दाखवायचा:
बघ, लांब ठेवल्या तर उजेड नाही,
चिकटवल्या तरी नाही.
एवढं, एवढंसं अंतर पाहिजे मध्ये.
आता तिथं लग्नाचा हॉल आहे.
मामाची नजर गेली. ऐकून विचारतो,
कुणाचं लग्न, रे?

नवे पिक्चरही बघतो. रंगीत,
पण रंग असा की जखम आठवडाभर जुनी वाटावी.
टोपी गेली, हुडी आली.
खिशात फोन आहे, म्हणून आता फोन लागत नाही.
बाकी गडी तोच.
थोडा पैसा, थोडा मोह, एक चूक,
आणि मग त्या चुकीची पोरंबाळं.

तर, ती आली तेव्हा तवंदीचा घाट धुक्यानं बुजलेला.
डिसेंबर. पावणेतीन.
रजिस्टरात लिहिलं: पद्मिनी मगदूम, सांगली.
'द्मि'ला दीर्घ वेलांटी.
स्वतःचं नाव माणूस असं चुकत नाही.
मी पेन परत घेतलं, सात नंबरची किल्ली दिली.
पाणी गरम आहे का, तिनं विचारलं.
सहाला येतं, मी म्हणालो.

चारला गोवा पासिंगची गाडी.
उतरलेल्यानं दिवा न बघता माझ्याकडं बघितलं,
कन्नडात विचारलं, एकटी बाई आली काय.
गोत्तिल्ल, री.
तो हसला. गेला.

सकाळी चिकोडीचे पोलीस.
आधी कन्नडात, मग माझं तोंड बघून मराठीत.
माहीत नाही, साहेब.
दोन भाषांत खोटं बोलता येणं,
इकडं त्याला शाळा लागत नाही.

सात नंबरात चादर जशीच्या तशी.
बादली काठोकाठ, नळ नीट बंद.
किल्लीखाली पाचशेच्या चार नोटा.
मी मोजल्या.
आणि पान फाडलं, शिवणीजवळून, हळू,
आधी नाही, मोजल्यावर.
ते सांगायचं राहून जाऊ नये.

पेपरात काही आलं नाही. कोण मेलं, मेलं का,
ती पळत होती की पाठीवर होती कुणाच्या,
काहीच नाही.

तेव्हापासून पिक्चरात मी नायक बघत नाही.
काउंटरमागं एक असतोच,
टक्कल, बनियन, मागं किल्ल्यांचा फळा.
दोन शॉट मिळतात त्याला.
कोण आलं? बघितलं नाही.
त्याचं खोटं संपायच्या आत कॅमेरा जिन्यानं वर जातो.
मी तिथंच थांबतो, त्याच्यापाशी.
पुढं तो काय करतो,
ते अजून कुणी दाखवलेलं नाही.

मला माहीत आहे, काय करतो.
फरशी पुसून घेतो. चहा गरम करतो.
बाहेर एखादी गाडी हळू झाली
की रजिस्टर उघडून
वेलांट्या बघत बसतो,
आणि दार वाजायच्या आधी
पेनाचं टोपण काढून ठेवतो.